पदवीधर : देणगीदार की वारस?

पदवीदान समारंभाचा दिवस मावळला, की विद्यापीठाच्या आवारात एक निराळीच शांतता पसरते. सकाळी ज्यांच्यासाठी मांडव घातलेला असतो, ज्यांना उद्देशून प्रमुख पाहुणे राष्ट्राच्या भवितव्याविषयी बोलतात, ते नवे पदवीधर संध्याकाळी भाड्याने घेतलेले झगे परत करतात, अनामत रक्कम मोजून घेतात आणि फाटकाबाहेर पडतात. त्यानंतर त्यांची व विद्यापीठाची गाठ पडते ती बहुधा एकाच ठिकाणी. परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी. कोणाला हरवलेल्या गुणपत्रकाची दुसरी प्रत हवी असते, कोणाला परदेशातील प्रवेशासाठी ट्रान्सक्रिप्ट हवे असते, कोणाच्या नावातील एका अक्षराची चूक दुरुस्त व्हावयाची असते. ज्या विद्यापीठाने आपल्याला घडविले असे पदवीधर मोठ्या अभिमानाने सांगतो, त्या विद्यापीठाच्या लेखी तो या खिडकीपाशी केवळ एक बैठक क्रमांक असतो.

विद्यापीठालाही आपल्या पदवीधराची आठवण होते, पण ती ठरावीक प्रसंगी. सुवर्ण वा शतक महोत्सवासाठी निधी जमवावयाचा असला, अथवा मूल्यांकन करणारी समिती भेटीस यावयाची असली, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या याद्यांवरील धूळ झटकली जाते. पत्रे निघतात, मेळावा भरतो, जुन्या शिक्षकांना शाली दिल्या जातात आणि समिती परत गेली की याद्या पुन्हा कपाटात जातात. या व्यवहाराला नाते म्हणणे कठीण आहे. नाते म्हटले की त्यात दोन्ही बाजूंनी घेणे आणि देणे आले, दोन्ही बाजूंनी विचारण्याचा व उत्तर देण्याचा अधिकार आला. आपल्या विद्यापीठांचे आणि पदवीधरांचे असे नाते का जमले नाही, आणि ते जमविण्यासाठी काय करावयास हवे, याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

या दुराव्याचे मूळ कोणा एका कुलगुरूच्या अनास्थेत किंवा पदवीधरांच्या कृतघ्नपणात शोधण्याचे कारण नाही. ते विद्यापीठांच्या जन्मातच आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन विद्यापीठांची स्थापना झाली, ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ही वाटणी होती. पुढे विद्यापीठांनी स्वतःचे पदव्युत्तर विभाग काढले, संशोधन सुरू केले. पण पदवीपर्यंत शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही वाटणी आजही तशीच आहे. त्याची मैत्री जमते महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, त्याला आठवतात ते महाविद्यालयातील प्राध्यापक. विद्यापीठ मात्र त्याला भेटते ते परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रक आणि पदवीचा कागद या तीन रूपांत. ज्याच्याशी आपला संबंध केवळ परीक्षार्थीचा होता, त्याच्याविषयी वीस वर्षांनी जिव्हाळा वाटावा अशी अपेक्षा करणे फारसे न्याय्य नव्हे.

तथापि याच चौकटीत एके काळी निराळे चित्र दिसत होते, हेही नमूद केले पाहिजे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेऊन जे पहिले चौघे बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्यापीठाशी त्यांचा संबंध पदवीबरोबर संपला नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी सिनेटमध्ये बसून, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठी व इतर देशी भाषांना त्यांचे स्थान परत मिळावे म्हणून अखेरपर्यंत आग्रह धरला. त्याच विद्यापीठाचे पदवीधर असलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये त्याचे पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्या पाठोपाठ ते पद भांडारकरांकडे आले. विद्यापीठ सरकारचे होते, त्याची चौकट परकी होती. पण ते आपले आहे, त्यात काय शिकवावे हे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे, असे या पदवीधरांनी धरून चालले. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यावर त्या काळी राष्ट्रीय पक्षाने कठोर टीका केली आणि ती रास्तही होती; परंतु नोंदणीकृत पदवीधरांनी आपले प्रतिनिधी निवडून सिनेटवर धाडावेत, ही वाट त्याच कायद्याने खुली झाली, हे विसरता येत नाही.

त्या वेळी पदवीधर मोजके होते आणि आज त्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खरा आहे. पण संख्या वाढली म्हणून नाते पातळ झालेच पाहिजे, असा काही नियम नाही. संख्या वाढल्यावर नाते सांभाळण्याची यंत्रणा उभी करावी लागते. ती आपण उभी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डेक्कन कॉलेजचा धडा

माजी विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेसाठी काय करता येते, याचे उदाहरण शोधण्यासाठी केंब्रिजला किंवा हार्वर्डला जाण्याची आवश्यकता नाही. ते पुण्यात, येरवड्याच्या टेकडीवर उभे आहे. १८२१ साली पुण्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून वाढत गेलेले हे विद्यालय १८६८ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले आणि डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आले. टिळक आणि आगरकर यांची मैत्री येथेच जमली व स्वदेशी शिक्षणसंस्था काढण्याचे त्यांचे बेत येथेच शिजले. इतिहासाचार्य राजवाडे येथलेच विद्यार्थी.

हे महाविद्यालय सरकारी होते. १९३४ साली सरकारने ते बंद केले. जागतिक मंदीची ती वर्षे होती. पुण्यात इतर महाविद्यालये होती. एक दार बंद झाले तर फारसे बिघडत नाही, असा हिशेब मांडणे सोपे होते. परंतु माजी विद्यार्थ्यांनी तो हिशेब मान्य केला नाही. ते संघटित झाले, त्यांनी पाठपुरावा केला आणि हा झगडा न्यायालयापर्यंत नेला. ज्या संस्थेत आता एकही विद्यार्थी शिकत नव्हता, जिच्यापासून कोणताही वैयक्तिक लाभ उरला नव्हता, तिच्यासाठी वकील, शिक्षक, निवृत्त अधिकारी अशी प्रौढ माणसे पाच वर्षे झटत राहिली. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले.

त्या पाच वर्षांच्या चिकाटीतून काय निष्पन्न झाले, ते पाहण्यासारखे आहे. याच संस्थेत डॉ. हसमुख सांकलियांनी पुरातत्त्वाची शाखा उभी केली. नेवासे आणि इनामगाव येथील उत्खननांनी महाराष्ट्राचा इतिहास हजारो वर्षे मागे नेला. इरावतीबाई कर्वे यांचे समाजशास्त्र व मानवशास्त्र येथेच बहरले. डॉ. सुमित्र कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम येथेच हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर आला. १९९० मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. १९३४ साली माजी विद्यार्थी हळहळून गप्प बसले असते, तर यांतले किती घडले असते? त्यांनी संस्थेला जी गोष्ट दिली तिला धनादेशावर आकडा घालता येत नाही. त्यांनी तिला आपला वेळ, आपली विद्या आणि आपला हट्ट दिला. संस्था ही आपल्याला मिळालेला वारसा आहे, आणि वारसाला तो मोडीत निघताना पाहत बसता येत नाही, ही त्यामागची भावना होती.

फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेल्या या तरुणाला त्या काळी कोणतेही मोठे पद सहज मिळाले असते. पण ते परत आले ते आपल्याच महाविद्यालयात, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर, आणि १९०२ पासून दीर्घकाळ त्यांनी तेथील प्राचार्यपद सांभाळले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे रयत शिक्षण संस्थेच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या मंडळींना कोणी माजी विद्यार्थी मेळाव्याचे निमंत्रण धाडले नव्हते. संस्थेने त्यांना विद्यार्थिदशेतच आपले मानले होते, म्हणून त्यांनीही पुढे संस्थेला आपले मानले.

देणगीचे माहात्म्य आणि मर्यादा

आज माजी विद्यार्थी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती देणगी. जून २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. १९७३ साली तेथे विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने दिलेली ही रक्कम आणि आधीच्या ८५ कोटींची भर मिळून त्यांचे दान ४०० कोटींवर गेले. ही कृतज्ञता मनापासून वाखाणण्याजोगी आहे. मात्र त्यावरून सर्वच विद्यापीठांनी एकच धडा घ्यावा, हे बरोबर नाही. पवईच्या संस्थेत विद्यार्थी चार-पाच वर्षे एकाच आवारात राहतो, एकाच वसतिगृहात जेवतो. त्याचे शिक्षक, त्याची परीक्षा आणि त्याची पदवी ही सारी एकाच संस्थेची असतात. शिवाय तेथून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती पुढे मोठा पैसा येतो. नांदेडच्या वा जळगावच्या विद्यापीठाचा पदवीधर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, तहसील कचेरीत लिपिक असतो, सहकारी बँकेत रोखपाल असतो, वडिलोपार्जित शेती करीत असतो. त्याच्याकडे कोटीची अपेक्षा धरली तर दोघांच्याही पदरी संकोचच पडावयाचा. कोट्यवधीचे दान करणाराच खरा माजी विद्यार्थी, अशी समजूत एकदा रूढ झाली की उरलेले लाखो पदवीधर आपोआप परके ठरतात.

दुसरा धोका कागदी घोड्यांचा आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजेच नॅकने, आपल्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा दिली. हेतू चांगला होता. परंतु अनेक महाविद्यालयांत त्याचे फलित असे झाले, की संघाची घटना तयार झाली, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, सभांची इतिवृत्ते लिहिली गेली, छायाचित्रे काढली गेली. आणि संघ मात्र फायलीतच राहिला. गुणांसाठी जोडलेले नाते गुण पदरात पडताच सुटते, यात नवल ते काय?

आवाज नसलेले पदवीधर

देणगीच्या पलीकडे पदवीधराला कायद्याने एक स्थान दिलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निर्वाचित प्रतिनिधी असतात. त्यांतील पाच जागा महिला व मागासवर्गीयांसाठी राखीव आहेत. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल ज्या सभेपुढे येतो, त्या सभेत सामान्य पदवीधराला प्रश्न विचारता यावा, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात काय घडते? मुंबई विद्यापीठात या प्रतिनिधींची मुदत २०२२ मध्ये संपली. नव्या निवडणुकीसाठी सप्टेंबर २०२३ मधील तारीख जाहीर झाली आणि मतदारयादीवरील तक्रारींनंतर ती निवडणूक स्थगित झाली. पुढे नव्याने यादी झाली, नवी तारीख आली आणि मतदान अवघे दोन दिवसांवर आले असता ते पुन्हा रोखण्यात आले. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान पार पडले. जे विद्यापीठ दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या देते, त्याच्या या मतदारयादीत सुमारे १३ हजार पदवीधर होते आणि त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक मतदानाला आले.

या आकड्यांचा दोष एकट्या विद्यापीठावर किंवा सरकारवर टाकून मोकळे होता येणार नाही. पदवीधरही त्यात वाटेकरी आहेत. आपले नाव नोंदवावे, अर्ज भरावा, कागद जोडावेत, एवढी तसदी बहुतेकांना नकोशी वाटते. मग ही मोकळी जागा राजकीय पक्षांच्या संघटना भरून काढतात; त्याच अर्ज गोळा करतात, त्याच उमेदवार उभे करतात. पक्षांनी यात पडू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठाविषयी आस्था असलेला, कोणत्याही पक्षाचा नसलेला पदवीधर घरी बसतो आणि नंतर अधिसभेत राजकारण शिरले म्हणून हळहळतो, हे दृश्य काही शोभादायक नाही.

या आवाजाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी २०१७ साल आठवावे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठात सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशी पूर्वतयारी न करता घाईने लागू झाली. निकाल महिनोन् महिने रखडले. पुढील प्रवेश, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या यांची वाट पाहणारी हजारो मुले टांगणीला लागली आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ती मुले आज त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्या मनात विद्यापीठाची कोणती आठवण असेल? माजी विद्यार्थी हा मेळाव्याच्या दिवशी निर्माण होत नाही. तो प्रवेशाच्या रांगेत, वाचनालयात आणि निकालाची वाट पाहताना घडत असतो. त्या काळात ज्याला विद्यापीठाने तुसडेपणाने वागविले, त्याच्याकडून वीस वर्षांनी प्रेमाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

याच्या उलट, विद्यार्थ्याला माणूस म्हणून वागविणारे विद्यापीठ त्याच्या मनात कसे घर करते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षे ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. स्वदेशात ज्यांना पाण्याच्या मडक्यापासून दूर बसविले गेले, त्यांना तेथे बरोबरीचे मित्र आणि थोर गुरू लाभले. ही कृतज्ञता त्यांनी १९३० मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात व्यक्त केली. विद्यापीठानेही त्यांना विसरायचे नाही असे ठरविले आणि १९५२ साली सन्माननीय डॉक्टरेट देऊन त्यांचा गौरव केला. सातासमुद्रापलीकडील विद्यापीठाने हे नाते जवळजवळ चार दशके जपले, ते एका साध्या नियतकालिकाच्या व पत्रव्यवहाराच्या धाग्याने. तो धागा जपणे आपल्या विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचे आहे काय?

कोणत्या विद्यापीठाचा पदवीधर?

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, याला आणखी एक कारण आहे. विद्यापीठांच्या सीमा सतत बदलत आहेत. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. खानदेशात जे पूर्वी शिकले त्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाची मुद्रा आहे. पुणे आणि नागपूर येथील विद्यापीठांची नावेही मध्यंतरी विस्तारली. मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय, ज्या परंपरेतून रानडे आणि तेलंग आले, ते २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधराचे महाविद्यालय आज मुंबई विद्यापीठात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ठरविले आहे. उद्या महाविद्यालये स्वायत्त होतील, स्वतः पदव्या देऊ लागतील. मग आज ज्यांच्या हाती जुन्या विद्यापीठाची पदवी आहे, त्या लाखो लोकांचा वाली कोण? त्यांची कागदपत्रे कोण सांभाळणार, त्यांच्या प्रश्नांना कोण उत्तर देणार, आणि त्यांनी आपली आस्था कोठे न्यावयाची? पदव्या आता डिजिलॉकरमध्येही मिळू लागल्या आहेत. सोय चांगली आहे. पण खिडकीपाशी का होईना, होत असलेली भेटही त्यामुळे संपेल. तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही, तर पदवीधर व विद्यापीठ यांच्यात नाव घेण्यापुरताही संबंध उरणार नाही.

काय करता येईल?

पहिले पाऊल विद्यापीठानेच टाकले पाहिजे, कारण मोठेपण त्याच्याकडे आहे. पदवी देतानाच प्रत्येक पदवीधराची नोंदणी व्हावी. त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि वेगळी यातायात नसावी. विद्यापीठाजवळ त्याचे नाव, पत्ता, विषय आणि वर्ष हे सारे असतेच. ज्याने पदवी दिली त्यानेच पुन्हा पदवीचा पुरावा मागावा, हा प्रकार हास्यास्पद आहे.

दुसरे, पदवीधराला ग्रंथालयाचे दार उघडे असावे. राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालय असो की पुण्यातील जयकर ग्रंथालय, तेथील ग्रंथसंपदा ही पिढ्यान् पिढ्यांच्या शुल्कातून आणि दानातून उभी राहिलेली आहे. खेड्यातल्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकविणाऱ्या पदवीधराला सुट्टीत चार दिवस येऊन तेथे बसता आले, नव्या संशोधनाशी ओळख करून घेता आली, तर त्याला विद्यापीठ आपले वाटेल आणि त्याचा लाभ त्याच्या वर्गातील मुलांनाही होईल. उन्हाळी वर्ग, थोड्या दिवसांचे उजळणी पाठ यांतही पदवीधरांसाठी जागा राखता येतील. पदवी घेतली तेव्हाचे ज्ञान आयुष्यभर पुरते, असे आज कोणीच मानत नाही.

तिसरे, वर्षातून एकदा विद्यापीठाने आपल्या पदवीधरांना साध्या मराठीत एक पत्र पाठवावे. त्यात गौरवाची वाक्ये कमी आणि हिशेब अधिक असावा : पैसा किती आला, कोठे गेला, किती जागा रिकाम्या आहेत, निकाल किती दिवसांत लागले, कोणते संशोधन झाले, कोठे कमी पडलो. ज्याला खरे सांगितले जाते, त्यालाच मदत मागण्याचा अधिकार पोहोचतो. मागावयाची मदतही लहान आणि नेमकी असावी. एका होतकरू मुलीचे परीक्षा शुल्क, एका वसतिगृहाच्या वाचनकक्षातील दिवे, एका विभागाच्या नियतकालिकाची वर्गणी, असे काम सांगितले आणि पुढच्या पत्रात ते झाल्याचे कळविले, तर पाचशे रुपये देणाऱ्या लिपिकालाही आपल्या देण्याचे सार्थक झाल्यासारखे वाटेल.

चौथे, हे सारे महाविद्यालयांच्या मार्फत व्हावे. विद्यार्थ्याचा जिव्हाळा जेथे आहे, तेथूनच तो विद्यापीठापर्यंत नेता येईल. तालुक्याच्या महाविद्यालयातील माजी विद्यार्थी संघ हाच विद्यापीठाच्या पदवीधर संघटनेचा पाया असावा. अशा संघातील डॉक्टर, वकील, अभियंता, बँक अधिकारी, प्रयोगशील शेतकरी यांनी महिन्यातून एक तास दिला, तर शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना पुस्तकात न मिळणारे बरेच काही मिळेल. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसे सामोरे जावे, फसव्या जाहिराती कशा ओळखाव्यात, हे सांगणारा वडीलधारा सहसा नसतो. आदल्या पिढीच्या माजी विद्यार्थ्याइतके योग्य माणूस त्यासाठी दुसरे कोण?

याबरोबर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विद्यापीठाचा सर्वांत जवळचा माजी विद्यार्थी दूरदेशी नसतो. तो त्याच्याच भिंतींच्या आत असतो. त्याच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. घेऊन, नेट वा सेट उत्तीर्ण होऊन, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारा तरुण शिक्षक हा त्याचाच विद्यार्थी आहे. कायम जागा रिकाम्या राहतात आणि तो तासावारी मानधनाची वाट पाहत वय वाढवीत असतो. त्या जागा भरण्याची परवानगी सरकारच्या हाती आहे, हे खरे. पण त्यांच्यासाठी विद्यापीठाने आणि पदवीधरांच्या प्रतिनिधींनी अधिसभेत किती वेळा आणि किती आवाजात प्रश्न विचारला? घरातल्या वारसाला उपाशी ठेवून परगावच्या आप्तांना आहेराची पत्रे धाडणाऱ्या घराविषयी लोक काय म्हणतात, ते सांगावयास नको.

माजी विद्यार्थ्यांना एवढे स्थान दिले तर ते लुडबूड करतील, श्रीमंत देणगीदार अभ्यासक्रम ठरवू लागतील, अशी भीती काही जण व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच देणगी आणि अधिकार यांची सांगड घालता कामा नये. देणगी देणाऱ्याचे नाव इमारतीवर लागावे, पण अध्यापकाची निवड आणि अभ्यासाचा विषय ही विद्वानांचीच बाब राहावी. अधिसभेत मात्र पाचशे रुपये देणारा, पाच कोटी देणारा आणि काहीही देऊ न शकणारा, या तिघांचे मत सारखेच असावे. वारसाहक्क हा पदवीने प्राप्त झालेला आहे. तो विकत घेता येत नाही आणि गरिबीमुळे जातही नाही.

आणि हक्क आला की कर्तव्यही आले. पदवीधरांनी विद्यापीठाकडे केवळ गाऱ्हाणी घेऊन जावे आणि काम झाले की पाठ फिरवावी, हे यापुढे चालणार नाही. आपले नाव यादीत आहे की नाही हे पाहणे, मतदान करणे, निवडून दिलेल्या प्रतिनिधीला वर्षाअखेरी जाब विचारणे, आपल्या महाविद्यालयात वर्षातून एकदा तरी जाऊन मुलांशी बोलणे, ही काही फार मोठी मागणी नव्हे. शिक्षक, कारकून, छोटा व्यापारी यांपैकी कोणालाही ती पेलेल.

१९३४ साली येरवड्याच्या त्या दगडी इमारतीला कुलूप लागले, तेव्हा ते उघडण्याची जबाबदारी कोणीही माजी विद्यार्थ्यांवर सोपविली नव्हती. तरीही ते पुढे आले आणि पाच वर्षांनी कुलूप निघाले. आज कोणत्याही विद्यापीठाच्या दाराला असे कुलूप दिसत नाही. पण रिकाम्या जागा, रखडलेल्या निवडणुका, लांबलेले निकाल आणि फायलीत पडून राहिलेले संघ यांमुळे संस्था आतून बंद होत जातात. असे बंद होणे बाहेरून चटकन ध्यानात येत नाही. ते वेळीच ओळखू शकेल असा एकच वर्ग आहे, ज्याने ती संस्था आतून पाहिली आणि ज्याला तिच्याकडून आता काही मिळवावयाचे उरलेले नाही. विद्यापीठांनी त्या वर्गाला हाक मारावी, आणि ती हाक येण्याची वाट न पाहता त्या वर्गानेही चार पावले पुढे यावे.